विहिरीतली पहिली बुडी

भाताच्या लोंब्या पिवळ्या पडल्या, दुपारचं ऊन चावायला लागलं आणि आमच्या विहिरीचं पाणी वरच्या पायऱ्यांशी येऊन थांबलं, की मला घड्याळांचे ते दिवस आठवतात. इतर लोक हे दिवस दसरा-दिवाळीवरून ओळखतात. मी वासांवरून ओळखते. सफाळ्याकडून येताना कापून आडव्या टाकलेल्या भाताचा गोडसर, ओला वास येतो. नवापूरच्या बाजूने वारा सुटला की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घरभर फिरतो. आणि बोईसरच्या कारखान्यांकडून तिसरा एक वास येतो, त्याला इतक्या वर्षांत मी नाव शोधू शकले नाही. तिन्ही एकत्र झाले की समजायचं, पाऊस गेला, विहीर भरली, आणि आता डिसेंबर लांब नाही.

पूर्वी डिसेंबर लांब नाही याचा अर्थ असायचा, गाद्या उन्हात टाका. तुम्ही येणार असायचात.

रेवा, निहार, तुम्हा दोघांसाठी हे लिहिते आहे. रेवाला देवनागरी वाचता येतं, सावकाश का होईना. निहारला येत नाही. आजवर आम्ही काही लिहिलं की रेवा मोठ्यांदा वाचायची आणि निहार पलंगावर उलटा पडून ऐकायचा. आता एक बहीण ब्रिस्बेनला आणि एक भाऊ पर्थला. निहार, तुला फोनही वाचून दाखवेल म्हणतात. मी ऐकून पाहिला त्या फोनमधल्या बाईचा आवाज. तिला मराठी येतं, पण ती कुणाशी बोलते आहे ते तिला ठाऊक नसतं.

ते दिवस तीन वर्षांपूर्वीचे. तुम्ही दोघं तेव्हा एकाच घरात होतात. पर्थच्या समुद्रात पाठीला हवेची टाकी बांधून बुडी मारायला शिकला होतात, आणि एका रविवारी व्हिडिओवर रेवाने मनगट पुढे करून एक जाडजूड काळं घड्याळ दाखवलं होतं. ते क्लबचं होतं, भाड्याचं.

“आजी, हे डाइव्ह कॉम्प्युटर. सर म्हणतात, आता स्वतःचं घ्या. तू चूज करशील? तू सगळं नीट चूज करतेस.”

मी सगळं नीट निवडते ही आपल्या घरातली जुनी थट्टा. प्रेशर कुकर घ्यायचा तरी मी चार दुकानं हिंडून कागदावर रकाने आखायची. तुमचे बाबा लहानपणी म्हणायचे, आईने देव निवडायला घेतला असता तर आपण अजून नास्तिक राहिलो असतो.

तिथेच विकत घ्या, पैसे पाठवतो, असं म्हणणं सोपं होतं. बाबा तेच म्हणाले. पण आजोबांनी हात झटकला. “पैसे पाठवले की झाली ती बदली. या खात्यातून त्या खात्यात. भेट हातात द्यायची असते. डिसेंबरला येतील तेव्हा देऊ.”

तर असं हे काम आमच्याकडे आलं. बोईसर-तारापूरच्या दोन म्हाताऱ्यांनी, ज्यातल्या एकाला पोहता येत नाही आणि दुसरीला गुडघ्यापलीकडच्या पाण्याची भीती वाटते, त्यांनी समुद्राच्या तळाशी चालणारी घड्याळं निवडायची.

आमचा समुद्र तुम्हाला माहीत आहे. त्यात बघण्यासारखं काही असलं तरी दिसत नाही. तुम्ही लहान असताना एडवणच्या किनाऱ्यावर आपण गेलो होतो. तुम्ही पोहण्याचे चष्मे लावून तोंडं पाण्यात घातलीत, आणि निहार रडवेला होऊन वर आला होता. “आजी, आत कोणीच नाहीये!” सगळं चहाच्या रंगाचं. मग रेवाने त्याला सांगितलं, माझा फ्रॉक धरून ठेव आणि डोळे मिट. पुढचा तासभर तो एका मुठीत बहिणीचा ओला फ्रॉक धरून, डोळे मिटून, पाण्यात डोकं घालत होता आणि खूश होता. आजोबा कपडे सांभाळत वाळूवर बसले होते. ते म्हणाले, “बघ, ह्याला काही दिसत नाही, पण ह्याचं काही अडत नाही.”

तुमचे आजोबा विदर्भातले. नोकरी लागून इथे येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पुढे सगळा जन्म समुद्राच्या काठाशी, अणुवीज प्रकल्पात गेला, पण पाण्याशी त्यांची ओळख अदबीची राहिली. सख्य झालं नाही. तरी रेवाने ते घड्याळ काय करतं हे सांगायला सुरुवात केली आणि ते खुर्चीत पुढे सरकले. खोल पाण्यात दाब वाढतो, श्वासातला नायट्रोजन अंगात विरघळत जातो, तो जाणवत नाही, आणि माणूस भसकन वर आला तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडावं तसा तो अंगात फसफसतो. ते होऊ नये म्हणून हे यंत्र तुम्ही किती खोल आहात, किती वेळ आहात, याचा हिशेब क्षणाक्षणाला ठेवतं आणि सांगतं, अजून इतका वेळ थांबता येईल, आता निघा, सावकाश या, इथे जरा थांबा.

“अगं, हा तर आपला बॅज!” आजोबा मला म्हणाले.

प्रकल्पात आत जाताना प्रत्येकाने छातीला एक छोटा बॅज लावायचा असे. अंगावर किती किरणं पडली ते डोळ्यांना दिसत नाही, कातडीला कळत नाही, बॅजला कळतं. आत जाताना फळीवरून आपला बॅज घ्यायचा, बाहेर येताना तिथेच ठेवायचा. आणि एक नियम सगळ्या नियमांच्या वर, दुसऱ्याचा बॅज कधीही लावायचा नाही. विसरलात, घाईत आहात, साहेबाने बोलावलंय, काही असो. माझ्या अंगाने काय सोसलं ते माझ्याच बॅजवर लिहिलं जायला हवं.

हा नियम आजोबांनी घरी आणला होता. टॉवेल ज्याचा त्याचा, कंगवा ज्याचा त्याचा, थर्मामीटरसुद्धा दोन. तुमचे बाबा लहानपणी मुद्दाम माझ्या चष्म्यातून पेपर वाचायचे आणि आजोबा “अरे, डोळे तुझे, चष्मा तिचा, आणि डोकं दुखेल ते माझं!” असे ओरडायचे.

मी रकाने आखले. शेवटी दोनच घड्याळं उरली. एक साधं. काळा-पांढरा पडदा, मोठे ठसठशीत आकडे, नाण्याएवढा सेल, तो घरच्या घरी बदलता येतो. दुसरं देखणं. रंगीत पडदा, चार्जिंगचं, फोनशी जोडलं जाणारं, टाकीत किती हवा उरली तेही वायरीशिवाय दाखवणारं, आणि आजवरची प्रत्येक बुडी आठवणीत ठेवणारं. साध्याच्या पोटात ठरावीक बुड्याच मावत. नव्या आल्या की जुन्या पुसल्या जात. हिशेबाचीही तऱ्हा वेगळी होती. साधं घड्याळ भित्रं, लवकर वर चला म्हणणारं. देखणं जरा धीट. अजून थोडा वेळ रेंगाळू देणारं. दोन साधी घेतली तर जितकं पडत होतं, जवळजवळ तितक्यात एक देखणं येत होतं.

मुंबईच्या दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, “मॅडम, ग्रँडचिल्ड्रनसाठी ना? मग कलरवालाच घ्या. वन पीस घ्या, दोघं शेअर करतील.”

बाबाही तेच म्हणाले होते. “एकच घे गं आई, चांगलं घे. कुठे वेगवेगळे जातात? एकाच्या हातात असलं की झालं.”

आणि मलाही तेच हवं होतं. का ते सांगते. मी आणि माझा भाऊ, दोघांत एक छत्री घेऊन शाळेत जायचो. त्याची शाळा आधी सुटे. तो फाटकाशी उभा राही, कारण छत्री माझ्याकडे असे. चिडे, दगड मारे फाटकावर, पण थांबे. पुढे मी नोकरीला लागल्यावर वडिलांनी आम्हाला ज्याची त्याची छत्री घेऊन दिली आणि त्यानंतर आम्ही एकत्र चालल्याचं मला आठवत नाही. दोघांत एक वस्तू असली की माणसं एकमेकांची वाट पाहायला शिकतात. तुमच्या घरात त्या वर्षी काहीतरी सैल झालं होतं. व्हिडिओवर आई-बाबा एका चौकटीत दिसेनासे झाले होते. बाबा स्वयंपाकघरातून बोलायचे, आई गाडीतून. मला वाटलं, ह्या दोन मुलांत एक घड्याळ असू दे. एक तरी वस्तू अशी असू दे, की जिच्यासाठी दोघांना एका दाराने बाहेर पडावं लागेल.

आजोबा ऐकेनात. त्यांनी माहितीची सगळी पानं वाचून काढली होती आणि त्यात त्यांना त्यांचा नियम छापलेला सापडला होता. एकाचं घड्याळ दुसऱ्याने वापरू नये, कारण आधीच्या बुडीचा नायट्रोजन ज्याच्या अंगात उरला आहे त्याचाच हिशेब त्यात चालू असतो. “वाच! मोठ्यांदा वाच. मी सांगतोय म्हणून नको ऐकूस, छापलंय म्हणून ऐक.”

“छापलेलं सगळं खरं मानते म्हणून तर तुमच्याशी लग्न केलं,” मी म्हटलं. “पत्रिकेत शांत स्वभाव छापलं होतं.”

हे भांडण ओट्यावर चालू असताना हिरू आली. हिरू नवापूरची, वर्षानुवर्षं आमच्या दारात मासळी घेऊन येणारी. पाटी उतरवून ती आमच्यामध्ये बसली आणि फोनमधली चित्रं बघायला लागली.

“बाय, यान टाइम दिसतो का नाय?”

“दिसतो. पण त्याचं मुख्य काम वेगळं. पाण्यात किती वेळ राहायचं ते सांगतं.”

“ता माझी सासू बी सांगायची. काठावर उबी राहून. तिला सेल नाय लागायचा.” मग तिने रंगीत पडद्यावर बोट ठेवलं. “ह्यो घ्या. काला नका घेऊ. पोरांना काला देताव, सुतक हाय का?”

आजोबा म्हणाले, “हिरू, रंगाचं सोड. दोन भावंडं आहेत. एक घ्यायचं की दोन?”

हिरूने कोलंबी मोजता मोजता वर पाहिलं. “एक दिलाव तर मारामारी, दोन दिलाव तर बोलाबोली बंद. आमच्या घरान दोन होड्या झाल्या, तवापासून दोन चुली हायेत. तुमी काय बी घ्या.” आणि हसली. तिच्या हसण्यात नेहमी जरा मीठ असतं.

त्या दिवसांत आम्ही दोघं फार आनंदात होतो, हे तुम्हाला सांगायला हवं. आजोबा सकाळी बादलीत पाणी घेऊन त्यात विहिरीच्या तळचा गाळ कालवायचे, कागदावर आकडे लिहून तो पिशवीत घालून बुडवायचे, आणि मला विचारायचे, किती दिसतं? मोठे आकडे दिसत, बारीक दिसत नसत. ह्यावरून साध्या घड्याळाला गुण. मी म्हणायची, तिकडचं पाणी काचेसारखं आहे हो, तिथे गाळ नाही. ते म्हणायचे, “आयुष्यभर स्वच्छ पाण्यातच जातील असं कोण सांगतं?” भाताची कापणी चालली होती. तिन्हीसांजेला पलीकडच्या शेतातून झोडणीचा आवाज येई, एकसारखा. गाद्या अजून उन्हात घातल्या नव्हत्या, पण खोळी धुऊन ठेवल्या होत्या. वाटत होतं, सगळं आपल्या हातात आहे. नीट निवडलं की नीट होतं.

मग एका दुपारी बाबांचा फोन आला. व्हिडिओ नव्हे, साधा. मी अंगणात होते, ओल्या खोळी हातात.

“आई, ते घड्याळाचं ठरलं का?”

“तुझे बाबा ऐकत नाहीत. मी म्हणते एकच, चांगलं.”

जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “दोनच घे आई. वेगवेगळी.”

एवढंच. खोळीतून पाणी पायावर ठिबकत होतं आणि मला कळलं होतं. मुलगा आईला काय सांगतो ते शब्दांत नसतं. तो कुठे थांबला त्यात असतं.

आत आजोबांना सांगितलं, तो म्हणतोय दोन घ्या. त्यांनी मांडीवर थाप मारली. “कळलं एकदाचं! इंजिनियर आहे शेवटी. नियम समजावून सांगितला की त्याला पटतो.” ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतः चहा केला. मी तो चहा प्यायले. चहा संपेपर्यंत त्यांना जिंकू दिलं. मग सांगितलं.

त्यांनी कप धुतला, पालथा घातला आणि म्हणाले, “म्हणजे डिसेंबर?”

तुमच्या आईला मी फोन केला, तो एकदाच. रेवा, तुला तिने सांगितलं असेल किंवा नसेल. मी म्हटलं, काही मी विचारायला हवं आहे का? ती म्हणाली, “आई, विचारू नका. तुम्ही रागावला असतात तर मला बोलता आलं असतं. तुम्ही चांगलं बोललात की मला रडू येतं आणि मी आत्ता गाडी चालवते आहे.” मग नाक ओढून म्हणाली, “रेवाचं पार्सल ब्रिस्बेनला पाठवा. पत्ता पाठवते. निहार पर्थलाच राहील, त्याची शाळा आहे.”

घड्याळांच्या त्या पानांत आणखी एक गोष्ट लिहिलेली होती. पाण्यात कधी एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. आणि जोडीतल्या दोघांची घड्याळं वेगवेगळं सांगू लागली, तर जे आधी वर चला म्हणतं त्याचं ऐकायचं. दोघांनी वर यायचं. ज्याचं घड्याळ अजून राहू देतंय त्याने हट्ट करायचा नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या आई-बाबांपैकी एकाचं घड्याळ आधी वाजलं. कोणाचं, ते मला माहीत नाही आणि मला जाणून घ्यायचं नाही. दोष त्यात कुणाचाच नसतो. ज्याचा दम आधी संपतो त्याने सांगायचं असतं. पण मग दोघांनी मिळून वर यायचं असतं, सावकाश, वाटेत थांबत. तुमच्या घरी तेवढं काही झालं नाही. पानांत पुढचं लिहिलेलं नव्हतं, की जोडीच्या हाताला धरून दोन मुलं असतील तर त्यांनी कोणाबरोबर यायचं.

मी दोन घड्याळं मागवली. साधीच. आणि दोन्ही अगदी एकसारखी. दुकानातला मुलगा म्हणाला, “मॅडम, एक ब्लॅक एक यलो घ्या, मिक्स नाही होणार.” मी त्याला सांगितलं, आता मिसळण्याची भीती नाही. दोन्ही एकाच तऱ्हेने हिशेब करणारी हवीत, इतकंच मला कळत होतं. कधी काळी एका समुद्रात उतरलात, तर एकाने चल आणि दुसऱ्याने थांब म्हणू नये.

खोकी आली तेव्हा कापणी संपली होती. शेतात नुसते धसकटांचे बुडखे उरले होते आणि त्यांत बगळे. आजोबांनी दोन्ही घड्याळं चटईवर शेजारी शेजारी मांडली, दोन्हींत सेल आहेत ना पाहिलं, तारीख-वेळ लावली. मग ते उठले आणि विहिरीचा दोर घेऊन आले.

“काय करताय?”

“तपासून पाठवायची. न तपासता यंत्र देत नाहीत.”

कारण खरं होतं. पण खरं कारण ते नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी पोहरा सोडवला, त्या जागी एक दगड बांधला, दगडाच्या वर दोन्ही घड्याळांचे पट्टे एकमेकांत अडकवून दोराला आवळले. खोक्यातली माहितीची पानं उघडून पाहिली. घड्याळात खारं पाणी आणि गोडं पाणी अशी निवड होती. ती त्यांनी गोड्यावर नेली. “विहीर आहे. समुद्र लिहून कसं चालेल?”

तेवढ्यात हिरू आली. पाटी न उतरवताच काठाशी उभी राहिली. “बाबा, घड्याल बुडवताव? बाय, यांना वारा लागला काय?”

“गप बस, हिरू.”

“मी गप हाय. मासं लागलं तर मना सांगा.”

दोर सुटत गेला. पाण्याला लागताच दोन्ही पडदे आपोआप जागे झाले, हिरवट उजेड दिसला, आणि मग पाण्याने तो गिळला. आमची विहीर खोल नाही, पण पावसानंतर तुमच्यासारख्या तिघाचौघांची उंची एकावर एक ठेवावी इतकं पाणी असतं. दगड तळाला टेकला तेव्हा आजोबांच्या हातातला दोर सैल झाला. त्यांनी तिथे दोराला एक गाठ मारली. आत, काळ्या पाण्यात, दोन घड्याळं एकमेकांचे पट्टे धरून एकच आकडा मोजत बसली होती.

मग ते दोर ओढायला लागले. सावकाश, हातावर हात. आणि मध्येच थांबले.

“काय झालं? अडकला?”

“वर येताना वाटेत तीन मिनिटं थांबायचं असतं.”

“अहो, ते खोल गेल्यावर. आणि माणसांना. ह्या यंत्रांना काय होणार आहे?”

“नियम आहे,” आजोबा म्हणाले. दोर त्यांच्या मुठींत ताठ होता. मी दोराला हात लावायला गेले तर त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. हिरूने पाटी खाली ठेवली. ती थट्टा करणार असं वाटलं, पण तिने नुसता पदर तोंडाशी नेला. विहिरीच्या कठड्यावरचं जास्वंदाचं फूल पाण्यात पडलं आणि दोराभोवती फिरत राहिलं.

वर आल्यावर आजोबांनी दोन्ही घड्याळं पंच्याने पुसली आणि आत काय नोंदलं गेलं ते उघडून दाखवलं. बुडी पहिली. तीच तारीख. तीच वेळ. तीच खोली. दोन्हीकडे तंतोतंत. “आता पाठव,” ते म्हणाले.

दोन खोकी, दोन पत्ते. पार्सलवाला म्हणाला, एकाच देशात जातंय, एकत्र पाठवलं तर स्वस्त पडेल.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण दोघांना अर्धं अर्धं. निहार, तुझा फोन आला होता, चिडलेला. “आजी, शॉपवाल्याने चीट केलंय तुला! युज्ड पीस आहे. ऑलरेडी कोणीतरी डाइव्ह केलंय यात!” मला हसू आलं. मी तुला सांगितलं, आजोबांनी विहिरीत सोडलं होतं, रेवाचं आणि तुझं मिळून. तू म्हणालास, “ओह. ओके आजी.” तू मोठा होत होतास, एवढंच तुझ्याकडे होतं. रेवा, तू फक्त एकदा आजोबांना विचारलंस, आपली विहीर नक्की किती खोल आहे? त्यांनी सांगितलं. तू म्हणालीस, “बरोबर दाखवतंय.”

त्या डिसेंबरला कोणी आलं नाही. पुढच्या डिसेंबरला रेवा आईबरोबर चार दिवस आली. निहार त्याआधी मे महिन्यात बाबांबरोबर येऊन गेला, तेव्हा विहीर तळाला गेलेली होती. तुम्ही दोघं आमच्या घरात राहिलात, पण एकाच वेळी नाही. तुमच्या उंचीच्या खुणा दारावर आहेत. आता त्या वेगवेगळ्या ऋतूंतल्या आहेत.

गेल्या आठवड्यात निहारशी बोलणं झालं. तो दर शनिवारी समुद्रात जातो, क्लबमधल्या कोणा मुलाबरोबर. पर्थचा समुद्र आणि आमचा समुद्र एकच, हे मला नकाशात पाहून बरं वाटतं. शिक्षिका होते मी, नकाशावर माझा उगाच विश्वास आहे. मी विचारलं, घड्याळ चालतं का? म्हणाला, “एकदम मस्त आजी. आता तर मेमरी फुल होऊन जुन्या डाइव्हज पुसल्या जातायत.” अभिमानाने म्हणाला. इतक्या बुड्या झाल्या, म्हणजे त्याला अभिमान वाटायलाच हवा. मी म्हटलं, छान. पहिली कोणती होती ते त्याला आठवलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही.

रेवाने पाण्यात जाणं सोडून दिलं आहे. अभ्यास, नोकरी, वेळ नाही. तिच्याबरोबर जायला कोणी नाही, असं तिची आई म्हणाली. तिच्या घड्याळाचा सेल कधीच संपला, ते कुठल्याशा खणात आहे. त्याच्या पोटात ती नोंद असणार. सेल गेला तरी नोंद जात नाही, असं पानांत लिहिलं होतं. म्हणजे एकाकडून ती वापरून पुसली गेली आणि दुसरीकडे ती न वापरता अंधारात पडून आहे. रकाने आखताना मी किती बुड्या आठवणीत राहतात तोही एक रकाना आखला होता. तेव्हा तो सगळ्यात बिनमहत्त्वाचा वाटला होता.

मला कोणी विचारलं, की दोघांत एक देखणं घड्याळ घेतलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, तर मला आता उत्तर माहीत आहे. काही झालं नसतं. ते एकाकडे राहिलं असतं आणि दुसऱ्याने नवं घेतलं असतं. छत्रीने कोणी भाऊ-बहीण राहत नाही. माणूस निवडतो कारण निवडता येतं. जे निवडता येत नाही ते शेजारी उभं राहून बघत असतं.

ह्या वर्षीही भात चांगलं आलं आहे. विहीर भरली आहे. गाद्या मी ह्या वेळी उन्हात घातल्या नाहीत, आणि आजोबांनी का म्हणून विचारलं नाही. पंप आहे, तरी सकाळी देवाला आणि तुळशीला ते अजून दोराने पाणी काढतात. दोराला ती गाठ तशीच आहे. आज सकाळी मी ओट्यावर भाजी निवडत बसले होते, हिरू कोलंबी मोजत होती. आजोबांनी पोहरा भरला, ओढायला लागले, आणि अर्ध्यावर आल्यावर नेहमीप्रमाणे थांबले.

हिरूने मान वर केली. “बाबा, पानी दमलं काय?”

आजोबा तसेच उभे असतात. दोर ताठ असतो, पोहऱ्यातून थेंब थेंब खाली पडत असतात, प्रत्येक थेंबाचा आवाज विहिरीतून वर येतो. हिरू मोजायची थांबते. मीही हातातली शेंग तशीच धरून ठेवते. घड्याळ घरात आहे, पण मी बघायला उठत नाही. वर यायची कुणालाच घाई नाही. वर कोणी वाट पाहत नाही.